चिकू ओकला ती जागा

यादी माझ्या पर्समध्ये होती,
गॅसच्या पावतीच्या पाठीवर.
आप्पांना कमोड, नाहीतर उठताना धरायला भिंत.
कणादला रेंज.
मृण्मयीला पक्षी हवेत, साप नकोत.
चिकूला पाणी. किती, ते सांगता येत नाही त्याला,
दोन्ही हात फाकून दाखवतो.
वन्संना सावली, त्यांच्या यजमानांना
गाडी डोळ्यांसमोर.
आमच्या ह्यांना "कुठेही चालेल",
आणि हेच सगळ्यात अवघड.
माझं लिहायला पावती पुरली नाही.

भुसावळहून सातला निघालो,
पौषातली थंडी, काचा वर,
टपावर कोल्ह्यांकडून मागून आणलेला मोठा तंबू.
त्याची एक काठी गणपतीच्या मांडवात गेली होती,
ती काही परत आली नव्हती.

आधी एक धरण पाहिलं.
कणाद म्हणाला, चार कांड्या! इथेच!
पण पाणी काठापासूनच काळं,
वन्संनी चिकूचं मनगट धरलं
ते गाडीत बसेपर्यंत सोडलं नाही.

मग एक रिसॉर्ट. प्लास्टिकचं गवत,
शिंग तुटलेलं सिमेंटचं हरीण,
आणि पाटी: हिरवळीवर पाय ठेवू नये.
कमोड मात्र होता.
आप्पा जाऊन आले, प्रसन्न,
म्हणाले, चला आता, कुठे जायचं तिथे.

सावद्याच्या अलीकडे ह्यांच्या मित्राची केळीबाग.
सावली एवढी की दुपारी संध्याकाळ.
मित्र भला माणूस, चहा दिला,
पण तंबूचा पहिला खुंटा ठोकताना
ठिबकच्या नळीकडे असा बघत राहिला
की आम्हीच खुंटा उपटला.

एक वाजला. डब्यातल्या भरिताचा वास
गाडीभर. कोणी कोणाशी बोलेना.
खिरोदा मागे पडलं, घाट लागला,
आणि तिसऱ्या वळणावर चिकू ओकला.
माझ्या मांडीवर, पर्समध्ये, यादीवर.

गाडी थांबवली ती त्याला धुवायला.
खाली नदी होती, सुकी तिचं नाव,
आणि नावाला न जागता वाहत होती,
पोराच्या घोट्याएवढी.
चिकू त्यात बसला. हात फाकले.
एवढंच पाणी, तो म्हणाला.

पलीकडच्या शेतातून बिस्मिल्लाबाई तडवी आल्या,
डोक्यावर तुराट्यांचा भारा.
"काय सोधता?"
जागा, मी म्हणाले. आठ माणसांना जमेल अशी.
त्यांनी भारा उतरवला नाही, नुसती हनुवटी फिरवली.
"पोरायले खेयाले वाळू हाये,
मोठ्यायले टेकाले झाड हाये.
आन् काय पाह्यजे?"

कणादने मोबाइल आभाळाकडे धरला,
खडकावर चढला, उतरला,
तासाभराने तो दगडांचा बांध घालत होता
आणि वन्संचे यजमान पॅन्ट दुमडून
त्याला चुकीचे दगड आणून देत होते.
गाडीकडे त्यांची पाठ.
मृण्मयीला खंड्या दिसला. सापाची कात पण दिसली,
ती तिने कोणाला सांगितलं नाही,
वहीत ठेवली.

हरवलेल्या काठीच्या जागी
आप्पांची काठी लावून तंबू उभा राहिला.
भरीत, कळण्याच्या पुऱ्या, वर कच्चा कांदा.
शेकोटी विझली तरी गोष्टी संपेनात,
मोठ्यांच्या. पोरं कधीच झोपली होती.

रात्री कधीतरी आप्पांना उठावं लागलं.
सवयीने त्यांनी काठी घेतली.

सगळा तंबू आमच्यावर आला.
कोणाचा पाय, कोणाची कोपरं, थंडगार कापड,
वन्सं देवाचं नाव घेतायत,
हे खोकल्यासारखं हसतायत,
चिकू झोपेतच लाथा मारतोय,
आणि बाहेर चांदण्यात आप्पा, काठीसकट,
"अगं, इथे भिंत कुठाय?"

मी कापडाखाली चाचपत डोकी मोजली.
सात यायला हवी होती, आठ आली.
पुन्हा मोजली, तेव्हा कळलं,
माझं मी दोनदा धरलं होतं.