लाभाच्या हेतूने

फिस्कलसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं :
राग लिहायचा नाही.
राग हा गुन्ह्याचा घटक नाही.

तेव्हापासून अकरा वर्षं
समार बेटाच्या या पूर्व किनाऱ्यावर,
खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या खिडकीपाशी,
मी लोकांच्या संतापातून
नाव, कृत्य, तारीख, ठिकाण
काट्यांसारखं निवडून घेते.
मासा ते परत घरी नेतात.

आज माना बिब्यांग आली.
"क्रिसांतोने माझी मोटर नेली."
कसली मोटर?
"बांकाची. सोळा घोड्यांची.
नवऱ्याने तीन हंगाम खोबरं वाहून घेतलेली."
मी टाइप केलं : बोटीचे एक इंजिन, वापरलेले.
नवरा आणि तीन हंगाम
स्वल्पविरामातसुद्धा मावले नाहीत.

कधी?
"वादळाच्या रात्री. कोंबडा आरवायच्या आधी."
दिनांक अकरा नोव्हेंबर रोजी किंवा त्या सुमारास.
कायद्याचा हात एरवी आखडता,
'सुमारास'च्या बाबतीत तेवढा सैल.

कुठून?
"माझ्या झोपेखालून!
घर खांबांवर, मोटर खाली बांधलेली,
मी वर, चटईवर."
या न्यायालयाच्या हद्दीत.
हद्द हा शब्द तिला आवडला असावा.
दोनदा म्हणून पाहिला.

तुमची संमती होती?
"मागितली असती तर दिली असती."
पण मागितली नाही.
"नाही ना!"
आणि इथे तिचा आवाज चिरकला.
मालकिणीच्या संमतीविना, मी टाइप केलं.
कळ अडकली, 'विना' दोनदा उमटलं.

आता राहिलं एकच, माना.
लाभाच्या हेतूने.
हे शब्द नसतील
तर बाकीचं सगळं खरं असूनही
कागद पहिल्याच टेबलावर आडवा होतो.
नेलेली मोटर मग
नुसती जागची हललेली मोटर.
घाबरू नका, सिद्ध काही करायचं नाही,
ज्याने नेलं त्याने लाभासाठीच नेलं
असं कायदा धरूनच चालतो.
फक्त लिहावं लागतं.
आणि खाली शपथ तुमची.

ती बराच वेळ धक्क्याकडे बघत राहिली.
"त्याचा भाऊ पाण्यात होता," म्हणाली.
"खेकड्यांचे सापळे काढायला गेलेला रोमुलो.
क्रिसांतोची मोटर महिनाभर बंद."
सापडला?
"मोटर सापडली. खडकांत."
पुढचं मी विचारलं नाही.

"आता कसला लाभ लिहितेस, सांग."

मग तुमची तक्रार तरी काय, माना?

"दार वाजवलं नाही त्याने.
मी काय नाही म्हणणार होते?
बॅटरी धरून पुढे बसले असते.
त्या खडकांची वाट
मला झोपेत येते, त्याला जागेपणीही येत नाही.
हे लिही.
याला कलम असेल ना काहीतरी?"

मी खरंच पुस्तक उघडलं.
तिच्यासाठी नाही म्हणता येणार; वेळ हवा होता मला.
पानं दमट, एकमेकींना चिकटलेली.

तिने सही केली नाही.
कागदाची चार वेळा घडी घातली,
माझ्या श्रमाचे वीस पेसो
पेपरवेटखाली सरकवले,
जाताना म्हणाली, "'विना' दोनदा झालंय,
तेवढं बरोबर आहे."

बाहेर शेळीवाला कधीचा थांबलेला.
मी नवा कागद चढवला, मध्ये कार्बन.
कधी, ठिपके सोडून.
कुठे, ठिपके सोडून.