तिघांपुरता

आधी आम्ही पाच होतो.
वैदेही हिंजवडीला गेली, सहा महिन्यांनी शंतनूही,
आणि त्याच्या बॅगेतून गेलं ते जाड पुस्तक
ज्यात ड्रॅगन होते, तलवारींच्या वजनांचे तक्ते होते,
आणि मागच्या कव्हरवर साडेतीन हजार ही किंमत
पेनानं खोडलेली, घरच्यांना दिसू नये म्हणून.

उरलो गुणवंत पराते, यास्मिन आणि मी.
मे महिना. त्रिमूर्तीनगरातली गच्चीखालची खोली,
कूलरला नवी खस, तरी भिंतीला हात लावला तर तवा.
गुणवंत म्हणाला, "ड्रॅगन नको बे आता.
बाहेर आग, खेळातही आगच काऊन?"

यास्मिनच्या अटी वेगळ्या.
शंभर रुपयांच्या आत.
नियम एका बैठकीत वाचून व्हावेत,
मेडिकलला तिची नाईट असते.
"आणि मला माझ्याच गावात राहू द्या.
परक्या देशाची राजकन्या होऊन होऊन कंटाळली मी."

माझी अट मी सांगितली नाही.
तिघं म्हणजे दोन कमी, असं ज्यात वाटणार नाही
असा खेळ हवा होता.

शोधत राहिलो.
एक खुनाच्या तपासाचा होता, त्याला पाच जण लागत.
एक अवकाशयानाचा, बारा तोंडांच्या फाशांचा;
बर्डीतला दुकानदार म्हणाला, सापशिडीचा चालेल का?
एक इतका दुःखी
की गुणवंतनं दुसऱ्या पानावरच मिटला.
"हे तर आमच्या घरी फुकटात होऊन राहिलं."

मग मिळाला सोळा पानांचा.
झेरॉक्सवाल्यानं पाठपोट काढला, पिनेसकट बत्तीस रुपये.
"परीक्षा आहे काय?"
आम्ही हो म्हणालो.

त्यात प्रत्येकानं साधं माणूस व्हायचं.
त्याला एक काम येतं, एक येत नाही,
आणि एक गोष्ट त्यानं कुणालाच सांगितलेली नाही.
अडलं तर एक फासा टाकायचा.
चार किंवा वर, जमलं.
खाली पडलं तर नाही जमलं,
आणि का, ते डावीकडच्यानं सांगायचं.
फासा जुन्या ल्यूडोतला घेतला.

यास्मिन झाली कळमन्याची आडत्या,
डोळे मिटून संत्र्यांचं वजन सांगणारी.
गुणवंत अजनीच्या यार्डातला पॉइंट्समन,
ज्याला निरोप घेता येत नाही.
मी इतवारीतला घड्याळजी, वय सत्तर,
कारण मिशांची संधी मला एरवी कोण देणार?

रात्रीचा दीड. यार्डात एक डबा,
कागदोपत्री कुणाचाच नाही.
फटीतून संत्र्यांचा वास,
आणि आत काहीतरी टिकटिकतंय.
उघडायचा?

गुणवंतनं फासा टाकला.
तो उशीवर आपटला, कूलरच्या खालच्या फटीतून
टपकन टाकीत गेला.

पंप बंद केला.
खोली एकदम मोठी झाली,
खालच्या घरातलं कुकरही ऐकू आलं.
मोबाईलचा उजेड धरून तिघं वाकलो.
तळाला गाळ, खसच्या काड्या, आणि फासा.
तीन?
की पाच, आणि दोन ठिपके गाळाखाली?

"हात नको लावू," गुणवंत म्हणाला, "हललं की बदलते."

त्याच्या डावीकडे मी होते.
जमलं नसेल तर कारण मला द्यायचं होतं,
आणि ते माझ्याजवळ तयार होतं, स्वस्तातलं,
बत्तीस रुपयांत बसेल असं:
डबा उघडला असता
तर तुम्ही दोघं घरी गेला असता.

साडेनऊ वाजले होते. यास्मिनची ड्यूटी दहाची.
तिनं बाही कोपरापर्यंत सारली,
पाण्याच्या वर बोटं धरली.
"पाणी हलून राहिलं अजून," ती म्हणाली.
"थांबा."

थांबलो.