सात मिनिटं निष्क्रिय

हर्णैच्या शाळेत बारा टॅब्लेट वाटले मी.
पाच मिनिटं बोट हललं नाही की पडदा विचारायचा,
'तू अजून आहेस का?'
वाक्य माझंच. गाइडना फार आवडलं होतं.

दर्शिका पावसे, सातवी ब.
तिच्या नोंदीत रोज संध्याकाळी एक भोक:
सात मिनिटं निष्क्रिय. कधी अकरा.
तिची ओळ मी लाल केली,
चौथ्या प्रकरणात तिला बसेल असा शब्दही काढून ठेवला.

मग एकदा घरी गेले तिच्या.
अपूर्णांक अर्धा टाकून ती उठली,
अंगणातला जवळा परतू लागली,
कावळ्यांवर खडा, ओठांत पुटपुट:
निम्मा बोटीला, उरलेल्याचे सहा,
त्यातला एक पप्पांचा...
आत पडदा विचारत होता, विचारत होता.

हात फ्रॉकला पुसत आली,
आधीचं उत्तर खोडलं. एक छेद बारा.
'चुकलं होतं, हे कधी कळलं?'
'परतताना,' म्हणाली,
आणि माझ्या नाकावरच्या रुमालाकडे बघत राहिली.

लाल काढला. त्या जागी कुठला रंग, सुचेना.
शुक्रवारी गाइडना तक्ता हवाय.
लॅपटॉप लॉजवर उघडाच टाकून
जेटीवर आलेय. लिलाव उठलाय,
बर्फाचं पाणी चपलेखालून समुद्राकडे चाललंय,
सुवर्णदुर्ग काळा पडलाय.
किती मिनिटं झाली, मोजली नाहीत.

तिकडे खोलीत
असेल विचारत.