एकच विळी

भाऊच्या धक्क्यावर पहाटे साडेचारला
फोन तापला तव्यासारखा.
चांगुणा तांडेल म्हणाली,
"तुझं यंत्र माझ्या मागं राहतंय गं.
मी तिसरी टोपली ओतली,
ते अजून पहिलीच मोजतंय."
आणि बर्फाचा एक खडा फोनच्या पाठीला लावला,
ताप आलेल्या पोराला लावावा तसा.

मोजायची होती फक्त कोळंबी.

माझगावच्या ऑफिसात फैयाज मुकादमने
फळ्यावर दोन चौकोन काढले.
हा चित्र ओळखणारा.
हा शेकडो हातांनी एकदम हिशेब करणारा.
मध्ये जाणारा बाण, येणारा बाण.
"आठ मेगाबाइट उचलून नेतोय,
आठ परत आणतोय,
सेकंदाला तीस वेळा.
मोजणं राहिलं बाजूला, नुसती हमाली चाललीय."

मग ठरलं, चित्र जागचं हलवायचं नाही.
दोघांनाही त्याचा पत्ता द्यायचा, बस.

पहिल्या दिवशी कोळंबी तिरकी झाली,
सगळा धक्का एका अंगावर कलंडला.
रात्री दोन वाजता सापडलं:
एक हजार ऐंशी ठिपक्यांची ओळ,
आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी
आठ रिकाम्या जागा,
कुणीतरी आपल्या सोयीने राखलेल्या.
एकाला त्या ठाऊक, दुसऱ्याला नाहीत.
एवढ्यावरून जग वाकडं दिसतं,
असं मी वहीत लिहिलं आणि खोडलं,
कारण तेव्हा फक्त झोप येत होती.

दुसऱ्या दिवशी चित्र सरळ. पण फाटलेलं.
वरच्या अर्ध्यात नवी टोपली, खालच्या अर्ध्यात जुनी.
एकाचं वाचून होण्याआधी
दुसऱ्याने लिहायला घेतलं होतं.

मी धक्क्यावर उकिडवी बसून होते.
समोर चांगुणा आणि तिची जाऊ हौशी,
दोघींत विळी एकच.
चांगुणाने सुरमई चिरली,
पातं पाण्याने पुसलं, पाय काढला.
पाय निघाल्यावरच हौशीने आपला ठेवला.
ना "दे" म्हटलं, ना "घे".
"दोन का नाही घेत?" मी विचारलं.
"धार एकीलाच लावायची ना मग," हौशी म्हणाली,
"आणि ठेवायची कुठं दुसरी?"

त्या रात्री मी तेवढंच लिहिलं:
पाय निघेपर्यंत थांब.
बारा ओळींचा कोड.
फैयाजने वाचला, एक स्वल्पविराम हलवला,
चहा मागवला.

शनिवारी फोन गार होता.
चौथी टोपली ओतली, आकडा लगेच उमटला:
दोनशे बारा.
"दोनशे चौदा," चांगुणा म्हणाली,
मान वर न करता.
माझ्या पोटात गोळा.
पुन्हा पत्ते तपासायचे, ओळी, रिकाम्या जागा,
कोण आधी, कोण नंतर...

हौशी हसायला लागली.
खांबाआड एक बोका
मिशा पुसत बसला होता.