बावन्न

सकाळी साडेसातला पहिली ट्यूब भरली.
रास्ता पेठ अजून अर्धवट जागी,
खिडकीखाली कुणीतरी शटर ओढत होतं.
कुंटे मॅडम म्हणाल्या, हे औषध बाहेरून काही देत नाही,
रक्तवाहिन्यांच्या अस्तरात जे साठलंय
तेवढंच मोकळं करतं.
अस्तर म्हटल्यावर मला कळलं.
वीस वर्षं ब्लाउजना अस्तर लावतेय मी.

अर्धा तास थेंब थेंब.
प्रज्योतचे गाल लाल, कान लाल.
"आई, उगीचच लाजल्यासारखं होतंय."
सिस्टर हसल्या, होतंच म्हणाल्या.
पाणी मात्र मोजून, उद्या सकाळपर्यंत.
त्याने लगेच विचारलं,
आइसक्रीम पाण्यात धरतात का?

दाढ काढायचीय, एवढंच.
एवढंच.
माझ्या भावाचेही टॉन्सिलच काढायचे होते,
अकलूजला, मी सहावीत असताना.
आईने रात्रीतून तीनदा उशीचा अभ्रा बदलला,
चौथा घरात नव्हता.
तेव्हा म्हणायचे, रक्त पातळ आहे पोराचं.
ते माझ्यातूनही वाहत आलं,
मला कधी ओरखडाही न काढता.

तासाने दुसरी ट्यूब, चार तासांनी तिसरी.
संध्याकाळी आकडे:
आधी चौदा, मग बावन्न, मग एकेचाळीस.
मॅडमनी बावन्नभोवती पेनाने गोल केला.
दाढेला हे पुरेल.
पण रोज रोज नाही, साठा भरायला वेळ लागतो,
दुसऱ्या दिवशी तेच औषध कमी काढतं.
बॉबीनचं तसंच असतं. वरची रीळ दिसते,
खालचा दोरा संपल्यावरच समजतो.

शेजारच्या कॉटवर सासवडचा अयान.
तेच औषध, तसेच लाल गाल.
आधी नऊ. नंतर बारा.
सगळ्याच मुलांना लागू पडत नाही,
मॅडम त्याच्या आईला हळू आवाजात सांगत होत्या,
त्याला बाहेरून फॅक्टरच द्यावं लागेल.

लिफ्टपाशी तिने विचारलं, "तुमचं किती आलं?"
"बरं आलं," म्हटलं.
बावन्न जिभेखाली ठेवला.

अयानच्या शर्टाची बाही खांद्यात उसवलेली.
काढ म्हटलं. सुई-दोरा पर्समध्ये असतोच.
बाकावर जरा लांब सरकून बसले
आणि आतल्या बाजूने टाके घालत राहिले,
लागत होते त्यापेक्षा जास्तच.
लिफ्ट दोनदा येऊन गेली.
प्रज्योत बाटली ट्यूबलाइटकडे धरून
उरलेले घोट मोजत होता.