दुसरा ब्रेक

सव्वीस वर्षं मी डावीकडच्या सीटवर बसलो.
झाडे मोटार ट्रेनिंग, नरेंद्रनगर.
पांढरी मारुती, टपावर लाल 'एल',
आणि माझ्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक,
ज्याचा मी कधी विषय काढला नाही.

आता रोज सकाळी मनीषनगर ते बुटीबोरी,
कारखान्यातल्या ड्रायव्हरांना शिकवायला,
मुलानं घेऊन दिलेल्या विजेवरच्या गाडीत.
ती आवाज करत नाही, म्हणजे इंजिनाचा.
बाकी दिवसभर बोलूनच राहिली असते.
पट्टा ओलांडला की स्टिअरिंग थरथरतं,
बैलाच्या कातडीवर माशी बसावी तसं.
हात सैल सोडले, टुंग.
पुढच्या ट्रकशी सलगी केली, टुंग टुंग.
चिंचभुवनच्या पुढं मी जरा जांभई दिली
तर पडद्यावर कप काढून दाखवला.
नुस्ता कप. चहा नाही.

वर्धा रोडवर पांढरे पट्टे आहेत तोवर तिची अक्कल चालते.
आमच्या गल्लीत पट्टे नाहीत,
तिथं ती आपली खूण करडी करून गप्प होते,
पेपर अवघड आला की पोरं छताकडं बघतात तशी.

मागच्या आठवड्यात जामठ्याजवळ
कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, वाऱ्यानं अर्धा सुटलेला.
त्यावरच्या हसऱ्या माणसाला भिऊन
हिनं साठच्या वेगात करकचून ब्रेक मारला.
मागचा टेम्पोवाला उतरून आला.
"काय बे काका, झोपला का?"
गाडीनं मारला म्हणालो.
त्यानं गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
आरटीओतला साहेब पाहायचा तसं
नापास पोराच्या बापाकडं.

माझा डावा पाय अजून रिटायर झालेला नाही.
क्लच नाही, काही नाही, तरी समोर काही आलं
की तो मॅट दाबतो. मॅटला तिथं भोक पडायला आलंय.
शालू विचारते, एकच जोडा कसा झिजते तुमचा?

कुंदाबाई निमजे बावन्नाव्या वर्षी शिकायला आल्या होत्या.
अजनीच्या पुलावर समोरून सिटी बस आली
आणि बाईंनी डोळे मिटून घेतले.
स्टिअरिंग घट्ट धरून, डोळे मिटून.
मी दाबला.
त्यांनी डोळे उघडले तेव्हा बस वीतभर लांब.
म्हणालो, छान. वेळेवर मारलात.
सहा महिन्यांनी एकट्या रामटेकला जाऊन आल्या,
पेढे देताना त्या बसचीच गोष्ट सांगत होत्या.

हिला हे जमत नाही.
हिनं ब्रेक मारला की लाल अक्षरांत लिहून दाखवते,
मी मारला.

काल परतताना, छेचाळीसचा दिवस,
खापरीला डावीकडं वळलो, खर्रा घ्यायला
(शालूला सांगू नका),
आणि मावळतीचा सूर्य सरळ हिच्या कॅमेऱ्यात शिरला.
उलट्या बाजूनं एक पोरगा मोपेडवर,
पायाशी पोत्यात बर्फाची लादी,
एक हात हँडलला, एक हात लादीला.
टुंग नाही. काही नाही.
माझे दोन्ही पाय एकदम गेले,
उजवा ब्रेकवर, डावा त्या भोकावर.
थांबलो. पोरगा "सॉरी काका" म्हणत
डांबरावर ओली रेघ ओढत निघून गेला.
ती रेघ वाळायला लागली
तेव्हा कुठं हिनं लाल अक्षरं काढली: समोर धोका.
टुंग.

मी डॅशबोर्डवर हात ठेवला. चटका बसेल इतका तापलेला.
कोणी ऐकत नाही ना, ते बघून म्हणालो,
छान. वेळेवर मारलास.

रात्री दुसऱ्या मजल्यावरून चार्जिंगची वायर खाली सोडली
तेव्हा आठवलं,
खर्रा घ्यायचा राहूनच गेला.