गळती

तिकीट पंचेचाळीस झ्लॉटी, तीन वर्षांखालच्यांना फुकट.
ग्लिवित्सेहून दीड तास लागला.
खिडकीतली मुलगी बाबांकडे बघून म्हणाली,
"पेन्शनरांना सूट आहे,"
तर त्यांनी खाणीचं जुनं ओळखपत्र काढून दाखवलं
जे तिनं मागितलंच नव्हतं.

मे महिन्याची सुट्टी. बर्चना नुकती पानं फुटलेली,
चिलटं, तळलेल्या सॉसेजचा वास,
आणि पाइनच्या बुंध्यांमधून
एका कुशीवर शेवाळ चढलेली
ती सगळी फायबरची जनावरं
दर चाळीस सेकंदांनी मान हलवून
तेच ते ओरडत होती.

तिमोन सहा वर्षांचा. फलक यायच्या आत
नाव, वजन, दात किती, खातो काय, सगळं सांगून मोकळा.
ज्याला बुटाची नाडी बांधता येत नाही
त्याच्या तोंडात एवढी लांब नावं मावतात कशी,
रादेकला कळत नाही.
कालिना माझ्या कडेवरून उतरेना.
प्रत्येक डरकाळीला तिच्या टाचा माझ्या बरगडीत.

"ओपा, हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा!"
बाबा थांबले. धाप लागली की ते नेहमी
काहीतरी बघायला थांबल्यासारखं करतात.
"म्हणजे कालचंच पोर," ते म्हणाले.
"खाली सातशे मीटरवर कोळसा फोडला की
आत नेच्याचं पान निघायचं. शीर न् शीर दिसायची.
तीस कोटी वर्षांचं.
डबा खाताना त्याच्यावर पाव ठेवायचो मी."
तिमोननं हिशेब केला, बोटं पुरली नाहीत.
मग त्यानं आजोबांकडे
फलकाकडे बघावं तसं बघितलं, पहिल्यांदाच.

तळ्यापाशी एक लांब मानेचा बंद पडला.
मान अर्ध्यावर, तोंड उघडं,
आवाज मात्र झुडपातल्या स्पीकरमधून चालूच.
लाल टी-शर्टातला एक पोरगा आला,
पोटाखालचं झाकण उघडून डोकं आत घातलं
आणि फोनवर कुणाला तरी विचारत राहिला.
लोक पांगले. वॉफलची रांग वाढली.

बाबा दोरी ओलांडून गेले.
मी हाक मारली. ऐकू आली नाही;
सत्तावीस वर्षं ड्रिलशेजारी काढलेले कान.
त्यांनी रबरी नळीवरून तळहात फिरवला,
हळू, ताप आलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा,
आणि एका वाकणापाशी थांबले.
"इथं."
पोराला काही ऐकू आलं नव्हतं. मलाही नाही.
"हवा जाते इथून. पट्टी आहे?
नसली तर चिंधी दे, आणि तार."

मान वर गेली.
टाळ्या वगैरे काही नाही, एक बाई फक्त "चला, झालं एकदाचं" म्हणाली
आणि मुलाला पुढं ओढत निघून गेली.
पण कालिना खाली उतरली.
एवढ्या मोठ्यानं ओरडणाऱ्याला एक झाकण असतं,
आत नळ्या असतात,
आणि ओपाला त्यातलं कळतं,
तेवढं तिला पुरलं.
नंतर तिनं तीन जनावरांच्या पोटाखाली वाकून बघितलं.

परतताना हायवेवर तिमोन झोपला, तोंड उघडं.
बाबांची छाती वाजत होती,
रोज वाजते तशीच, आम्ही आता ऐकतही नाही.
कालिनानं तिच्या खुर्चीतून हात लांबवला,
आईस्क्रीमनं चिकट झालेला,
आणि त्यांच्या स्वेटरवरून फिरवायला लागली,
हळू, गंभीरपणे, बटणामागून बटण.

"इथं?"
बाबांनी नकारार्थी मान हलवली. "थोडं खाली."
"इथं?"
रादेकनं आरशातून मागं बघितलं
आणि रेडिओ बंद केला.

"मामा," ती म्हणाली, "चिंधी आहे का?"

मी खरंच पर्समध्ये शोधायला लागले.